भुसा, बगॅस आणि पेलेट: धुळीच्या स्फोटाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिकेट आणि पेलेटचे (दाबलेल्या भुशाच्या विटांचे आणि गोळ्यांचे) कारखाने, बगॅस म्हणजे उसाचा चोथा जाळणारे साखर कारखान्यांचे सहवीज प्रकल्प आणि बायोमास जाळणारे बॉयलर इथले मालक, फोरमन आणि ऑपरेटर हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. प्रश्न त्यांच्याच भाषेत ठेवले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लाकडाचा भुसा चुलीत टाकला तर नुसता धुमसतो. त्याचा स्फोट होतो हे पटत नाही.

चुलीत तो धुमसतो, कारण ढिगाच्या पोटातल्या कणांना हवाच मिळत नाही. तोच भुसा बारीक असेल आणि हवेत उडालेला असेल, तर प्रत्येक कणाभोवती हवा असते आणि एकाने पेट घेतला की शेजारचा लगेच घेतो. ओंडका पेटवायला अर्धा तास फुंकणीशी झटावं लागतं, ढलपी एका काडीत पेटते, आणि पिठासारखी धूळ ढगात असेल तर डोळ्याची पापणी लवेपर्यंत जळून जाते. लाकूड तेच, फक्त हवेला लागणारा पृष्ठभाग वाढला. साधारण अर्ध्या मिलिमीटरहून बारीक झालेला कोणताही जळणारा माल या यादीत धरतात: भुसा, तुराट्या, पऱ्हाटी, शेंगांची टरफलं, सोयाबीनचं कुटार, पाचट, साखरसुद्धा.

स्फोटाला पाच गोष्टी एकाच वेळी लागतात. जळणारी धूळ, हवा, ठिणगी किंवा तापलेला पृष्ठभाग, धुळीचा ढग, आणि तो ढग कोंडून ठेवणारी जागा. पाचवी नसेल तर स्फोट होत नाही, भडका उडतो. माणूस भाजायला तो भडकाही पुरतो.

२. मग जेजुरीला एवढा भंडारा उधळतात, तिथे स्फोट का होत नाही?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक प्रशिक्षणात येतो, आणि विचारणारा हसत विचारत असला तरी प्रश्न चांगला आहे. हळदीची पूड जळणारीच आहे. पण गडावर वर आभाळ मोकळं असतं, वारा असतो, ढग विरतो आणि दाब साचायला जागा नसते. याचा अर्थ उघड्यावर काहीच होत नाही असा नाही. २७ जून २०१५ रोजी तैवानमध्ये तैपेईजवळच्या एका वॉटर पार्कमध्ये संगीताच्या कार्यक्रमात रंगीत मक्याची पूड उडवत होते. ती पेटली. उघड्यावर, भिंती नसताना, १५ जण गेले आणि शेकडो भाजले. पेटत्या दिवटीच्या अंगावर भंडारा उधळू नये, तो याचसाठी.

३. आमच्या शेडमध्ये इतका दाट ढग कधीच नसतो. तरी काळजी करायची?

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. लाकडाच्या बारीक धुळीला पेट घ्यायला दर घनमीटर हवेत साधारण ३० ते ६० ग्रॅम धूळ लागते. हा ढग किती दाट, तर ४० ग्रॅमच्या ढगातून दोन मीटरवरचा २५ वॉटचा पेटता बल्ब दिसत नाही. अशा हवेत कोणी उभा राहूच शकत नाही.

पण दोन ठिकाणी तो ढग असतो आणि तुम्हाला दिसत नाही. एक म्हणजे यंत्राच्या पोटात: हॅमर मिल (माल ठेचून बारीक करणारी), सायक्लोन (हवा गरगर फिरवून तिच्यातला माल वेगळा करणारा शंकू), बॅग फिल्टर (कापडी पिशव्यांतून धूळ गाळणारा), बकेट एलेव्हेटर (पट्ट्यावरच्या डब्यांनी माल वर नेणारा), ड्रायरचा डक्ट. दुसरं म्हणजे डोक्यावर. तिथे तो ढग अजून ढग झालेला नसतो, ट्रसच्या अँगलवर, केबल ट्रेवर आणि दिव्यांच्या टोप्यांवर थर होऊन बसलेला असतो.

हिशेब करून पाहा. सैल बसलेल्या धुळीचं वजन घनमीटरला २०० किलो धरलं, तर एक मिलिमीटर थर म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम. तीन मीटर उंचीच्या खोलीत ती सगळी उडाली तर घनमीटरला सुमारे ६७ ग्रॅम. झालं, मर्यादा ओलांडली. म्हणूनच अमेरिकेच्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या मानकात ०.८ मिलिमीटर, म्हणजे कागदाला लावायच्या पिनेच्या तारेएवढ्या जाडीचा थर धोक्याची खूण मानत आले आहेत. मोजपट्टी नसेल तर बोटाने नाव लिहा. खालच्या पत्र्याचा रंग दिसत नसेल आणि नाव स्पष्ट उमटत असेल, तर झाडू काढायची वेळ टळून गेली आहे.

४. सायक्लोनमध्ये छोटा धडाका झाला तर अख्खी शेड कशी उडते?

पहिला धडाका शेड उडवत नाही. तो पत्रे हलवतो. पत्रे हलले की तुळयांवरची वर्षभराची धूळ खाली येते, तिचा ढग होतो, आणि पहिल्याची ज्वाळा मागून येऊन तो पेटवते. हा दुसरा स्फोट माणसं मारतो. बहुतेक मोठ्या अपघातांत हाच क्रम सापडतो.

७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थच्या साखर शुद्धीकरण कारखान्यात १४ जण गेले. सायलोंच्या, म्हणजे साठवणीच्या उंच टाक्यांच्या, खालच्या बोगद्यातल्या कन्व्हेयरवर आदल्या वर्षी पत्र्याचं आच्छादन घातलं होतं. साखरेत कचरा पडू नये हा हेतू, चांगलाच. पण आतली धूळ बाहेर ओढायची सोय केली नाही, त्यामुळे जी धूळ आधी बोगद्यात विरत होती ती आच्छादनाच्या आत दाटली. तापलेल्या बेअरिंगने ठिणगीचं काम केलं असावं, असा तपासाचा निष्कर्ष होता. त्यानंतर एकामागून एक मजले पेटले, ते मजल्यांवर साचलेल्या साखरेमुळे. साखर कारखान्यातल्या मंडळींनी हा अपघात जरूर अभ्यासावा. सहवीज प्रकल्पाची चर्चा करताना आपण बगॅसकडे बघतो आणि साखर चाळणारा ग्रेडर व पॅकिंग हाऊस विसरतो.

५. हे सगळं परदेशातलं. ते लोक एवढे काटेकोर, तरी त्यांच्याकडे होतं?

होतं, आणि फार जुन्या काळापासून. नोंद असलेला पहिला धूळस्फोट १४ डिसेंबर १७८५ चा, इटलीतल्या तुरिन शहरातल्या एका पिठाच्या गोदामातला. बायोमासच्या जवळचं उदाहरण हवं असेल तर इंग्लंडमधल्या बॉस्ली गावची लाकूडपिठाची गिरणी घ्या: १७ जुलै २०१५, चार मृत्यू.

मला मात्र कॅनडाचं उदाहरण जास्त शिकवून जातं. ब्रिटिश कोलंबियात २०१२ साली जानेवारीत एक आणि एप्रिलमध्ये दुसरी, अशा दोन आरा गिरण्या उडाल्या, दोन्हीकडे दोन-दोन माणसं गेली. या गिरण्या वर्षानुवर्षं लाकूडच कापत होत्या. बदललं होतं ते लाकूड. भुंग्यांनी मारलेली, उभ्या उभ्या वाळलेली पाइनची झाडं येऊ लागली होती, त्यांची धूळ नेहमीपेक्षा कोरडी आणि बारीक. "आमच्याकडे वीस वर्षांत काही झालं नाही" हे वाक्य त्यामुळे कच्चा माल बदलेपर्यंतच खरं असतं. आपल्याकडे तर तो दर हंगामाला बदलतो: यंदा टरफलं, पुढच्या वर्षी पऱ्हाटी.

६. आमच्या बगॅसमध्ये ५० टक्के ओलावा असतो. आम्हाला हे लागू नाही ना?

गिरणीतून निघालेली ताजी बगॅस स्फोट करत नाही, हे मान्य. पण ५० टक्के ही सरासरी आहे. बॉयलर हाऊसच्या वरच्या मजल्यावर, कन्व्हेयरच्या गॅलरीत, गरम पाइपांच्या पाठीवर जो भुगा महिनाभर बसलेला असतो तो खडखडीत वाळलेला असतो. शिवाय ऊन आणि वारा लागलेल्या यार्डातल्या ढिगाचं वरचं कवच, लोडर चालवताना उडणारा पिथ (उसाच्या गाभ्याचा मऊ भुगा), आणि गाळणीसाठी पंख्याने ओढून नेला जाणारा बगॅसिलो, म्हणजे बगॅसचा बारीक चुरा. बगॅसिलोचा डक्ट आणि सायक्लोन कोरड्या धुळीचा समजूनच सांभाळा. बगॅस वाळवून ब्रिकेट किंवा पेलेट करत असाल तर ड्रायरच्या पुढे ओलाव्याची सबब संपली.

यार्डातल्या ढिगाची आग हा वेगळा विषय आहे, तो प्रश्न १० मध्ये.

७. कॉम्प्रेसरची हवा मारून साफ करतो. पाच मिनिटांत लख्ख होतं. त्यात काय चुकलं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त वाद याच्यावर होतो. हवा मारल्याने धूळ जात नाही, ती जागा बदलते. जमिनीवरची ट्रसवर जाते. आणि जाताना वाटेत आपणच तो ढग तयार करतो, चालू मोटर आणि तापलेल्या डायच्या (माल दाबायच्या साच्याच्या) शेजारी. एका ब्रिकेट कारखान्यात मी हे पाहिलं आहे: शिफ्ट संपायला दहा मिनिटं असताना दोन पोरं हवा मारत होती आणि तिसरा प्रेसशी ग्राइंडर लावून बसला होता. काही झालं नाही. होत नाही, म्हणूनच सवय लागते.

क्रम असा ठेवा. आधी व्हॅक्यूम, पण दुकानातला साधा नाही. त्याची मोटर ठिणग्या देते आणि धूळ तिच्यावरूनच जाते. ज्वलनशील धुळीसाठी प्रमाणित केलेला घ्या, किंवा मोटर शेडबाहेर ठेवून पाइप आत आणा. व्हॅक्यूम पोचत नाही तिथे मऊ झाडू, हलक्या हाताने, वरून खाली. याने न निघणाऱ्या फटींसाठीच हवा, तीही यंत्रं बंद आणि थंड करून, आसपासची वीज तोडून, आणि दाब दोन बारच्या आसपास उतरवून.

झाडण्याआधीचा खरा प्रश्न असतो की धूळ बाहेर येतेच का. फाटलेला कॅनव्हास, एलेव्हेटरच्या बुटाचं (तळातल्या पेटीचं) निघालेलं झाकण, भरलेल्या बॅग फिल्टरमुळे मंदावलेलं शोषण. एक गळती बुजवली की दोन माणसांचं झाडणं वाचतं.

८. ठिणगी येते कुठून? आमच्याकडे बिडीकाडीला सक्त मनाई आहे.

बिडी या यादीत बरीच खाली येते. शेतातून आलेल्या मालात खडे, माती, बेलिंगची तार, नांगराचा तुटलेला बोल्ट, काहीही असतं, आणि ते हॅमर मिलमध्ये गेलं की ठिणग्यांचा पाऊस. म्हणून मिलच्या आधी चुंबक आणि दगड अडवणारी पेटी हवीच, आणि चुंबक रोज पुसायला हवं. लोखंडाने भरलेलं चुंबक म्हणजे नुसतं वजन.

दुसरं घर ड्रायर. भट्टीतून आलेला निखारा मालाबरोबर सायक्लोनपर्यंत जातो. तिथे डक्टवर ठिणगी ओळखणारी यंत्रणा बसवतात: डोळा निखारा पाहतो, आणि काही मीटर पुढचा नोझल सेकंदाच्या अंशात पाणी सोडतो. पेलेट कारखान्यासाठी एकच मोठा खर्च करायचा असेल तर मी यावर करायला सांगेन. तिसरं, बेअरिंग आणि घसरणारा पट्टा. बकेट एलेव्हेटरचा पट्टा एका बाजूला सरकून पत्र्याला घासतो आणि बाहेरून कळतही नाही. बेअरिंगवर तापमानाचा आणि पुलीवर वेगाचा सेन्सर महाग नाही.

चौथी ठिणगी वेल्डिंगची. तिच्यासाठी प्रश्न १३ पाहा.

९. धूळ ओढायला पीव्हीसी पाइप टाकला. स्वस्त पडला, गंजतही नाही. चालेल?

नको. पाइपमधून धूळ वेगाने जाते तेव्हा घर्षणाने स्थिर वीज साठते, आणि प्लास्टिक ती जमिनीत जाऊ देत नाही. पत्र्याचा डक्ट घ्या, पण पत्र्याचाही प्रत्येक जोड तपासा. दोन तुकड्यांच्या मध्ये रबराचं गास्केट आलं की पुढचा तुकडा अधांतरी राहतो. जोडावरून तांब्याची पट्टी टाका आणि शेवटी अर्थिंग. लवचीक नळी वापरायचीच असेल तर आतल्या तारेचं टोक दोन्ही बाजूंना धातूला जोडलेलं हवं. फिल्टरच्या पिशव्यांचे आतले पिंजरेही अर्थ झालेले असावेत. पिशव्या बदलताना हे हमखास राहून जातं.

१०. ढिगाला कोणी हात न लावता आग लागते, हे खरं का?

खरं आहे. ओल्या ढिगात जिवाणू आणि बुरशी काम करतात, आतलं तापमान ६०–७० अंशांपर्यंत चढतं. तिथे त्यांचं काम संपतं आणि रासायनिक ऑक्सिडेशन पुढे चढवत नेतं. ढीग मोठा असेल तर उष्णता बाहेर पडत नाही. उसाच्या पट्ट्यात यार्डाची आग कोणाला नवी नाही.

ढीग उंच करण्याऐवजी लांब करा. जुना माल आधी वापरा. ओला आणि वाळलेला माल एकत्र टाकू नका, दोन्हींच्या सीमेवरच तापतं. लांब पाइपात तापमापक घालून आठवड्यातून मोजा, आणि आंबूस-करपट वास आला तर त्या वासावर विश्वास ठेवा. धुळीच्या स्फोटाशी याचा संबंध एकच, पण मोठा: ढिगाच्या पोटातला धुमसता गोळा लोडरने उचलून कन्व्हेयरवर टाकला की तो थेट प्रश्न ३ मधल्या यंत्रांच्या पोटात जातो.

११. सायलोतून धूर येतोय. झाकण उघडून पाणी मारायचं ना?

नाही. दोन्ही चुका एकाच वाक्यात आहेत. झाकण उघडलं की धुमसणाऱ्या मालाला हवा मिळते. पाण्याचा जोरदार फवारा मारला की भिंतींवरची धूळ उडते आणि ढग होतो. माल पेलेट असेल तर आणखी एक अडचण: पेलेट पाण्याने फुगतात, सायलोत पाचरीसारखे घट्ट बसतात आणि नंतर तो रिकामा करता येत नाही.

सगळी दारं आणि हवेचे मार्ग बंद करा, माल आत टाकणं थांबवा, आसपासची माणसं हलवा, अग्निशमन दल बोलवा. सायलोत खालून हळूहळू नायट्रोजन सोडणं हा यावरचा मान्य उपाय आहे. त्यासाठी तळाला जोड आधीच बसवलेला हवा, आग लागल्यावर भोक पाडत बसता येत नाही. हातातल्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरने झाकणातून फवारा मारू नका. तो वायू जोरात सुटताना बर्फाचे कण होतात आणि स्थिर वीज तयार होते. रिकामा करायची वेळ येईल तेव्हा सावकाश, वायू मोजत, खाली पाणी तयार ठेवून.

१२. सायलोत उतरलेला माणूस कोसळला. धूळ तर नव्हती, मग काय झालं?

साठवलेल्या लाकडी पेलेटमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि आतला प्राणवायू कमी होतो. आग नसतानाही. २००६ मध्ये स्वीडनच्या हेलसिंगबोर्ग बंदरात कॅनडाहून पेलेट घेऊन आलेल्या जहाजावर एक खलाशी असाच गेला, आणि तो होता मालाच्या शेजारच्या जिन्यात. वास येत नाही, रंग दिसत नाही, धुळीचा मास्क काही कामाचा नाही. वायू मोजल्याशिवाय, दोरी बांधल्याशिवाय आणि बाहेर माणूस ठेवल्याशिवाय उतरायचं नाही. कोसळलेल्याला काढायला दुसऱ्याने तसंच धावत उतरायचं नाही.

१३. हंगाम संपला, यंत्रं बंद आहेत. आता वेल्डिंगला काय हरकत?

हंगाम संपल्यावरच तर सगळी वेल्डिंग होते, आणि तेव्हाच डक्ट आतून धुळीने भरलेले असतात. यंत्र बंद असण्याने धूळ बंद होत नाही. आधी आतून बाहेरून साफ करा, शक्य असेल तिथे भाग सोडवून उघड्यावर नेऊन वेल्ड करा. ११ मीटरच्या घेऱ्यातलं जळणारं सगळं हटवा किंवा झाका, खालच्या मजल्याची भोकं बुजवा, लेखी परवाना द्या. काम संपल्यावर एक माणूस तासभर तिथेच बसवा. भुशात पडलेला गोळा जेवणाच्या सुट्टीत जागा होतो.

१४. सगळ्या मोटरी फ्लेमप्रूफ घेतल्या. आता निर्धास्त?

फ्लेमप्रूफ हे वायूसाठीचं संरक्षण आहे: आत झालेला स्फोट बाहेर पडू द्यायचा नाही. धुळीसाठी वेगळं बघतात: धूळ आत शिरता कामा नये आणि बाहेरचा पृष्ठभाग तापता कामा नये. खरेदी करताना प्रमाणपत्रावर धुळीचा उल्लेख आहे का ते वाचा.

पृष्ठभागाचा हिशेब आयएस/आयईसी ६००७९ या मानकांच्या मालिकेत आहे. ढग ज्या तापमानाला पेटतो त्याच्या दोन तृतीयांश, आणि पाच मिलिमीटर थर ज्या तापमानाला पेटतो त्यातून ७५ अंश वजा. दोन्हींत जो आकडा कमी तो तुमची मर्यादा. समजा ढग ४५० अंशांना आणि थर ३२० ला पेटतो. मग ३०० आणि २४५, म्हणजे मर्यादा २४५. पण मोटरवर भुशाची गोधडी चढली की आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि सगळी गणितं चुकतात.

१५. स्फोट-झडप बसवली. ती उघडते कुठे याला महत्त्व आहे का?

तेच तर महत्त्वाचं. कमी दाबाला फाटणारा पडदा यंत्र वाचवतो, पण त्यातून बाहेर पडणारा ज्वाळेचा लोळ कुठे जातो? एके ठिकाणी तो पडदा शेडच्या आत, नेमका ऑपरेटरच्या खुर्चीकडे तोंड करून होता. मुकादम म्हणाला, "साहेब, कोटेशनमध्ये दिशा लिहिली नव्हती." लोळ बाहेर, माणसं जात नाहीत अशा बाजूला सोडायचा. यंत्र आतच असेल तर ज्वाळा विझवणारी जाळी असलेली झडप घ्यावी लागते.

झडपेचा आकार अंदाजाने ठरत नाही. त्यासाठी तुमच्याच धुळीची चाचणी हवी: दाब किती चढतो आणि किती वेगाने. लाकडाची धूळ बहुधा सर्वात सौम्य वर्गात येते, पण कोंडली तर तीही आठ-नऊ बार दाब देते, आणि पत्र्याचं यंत्र त्याच्या अंशालाही टिकत नाही. शिवाय झडप एका यंत्राला वाचवते, डक्टमधून ज्वाळा पुढच्या यंत्रात जायची ती जातेच. मध्ये अडथळा हवा: रोटरी व्हॉल्व्ह, किंवा एक पातं काढून मालाचा बुच राहील असा स्क्रू.

१६. आमचं युनिट लहान आहे, पंधरा माणसांचं. कायदा विचारतो का?

कारखाने अधिनियम, १९४८ चं कलम ३७ नेमकं याच विषयावर होतं. यंत्र बंदिस्त ठेवा, धूळ साचू देऊ नका, ठिणगीची कारणं दूर ठेवा, आणि यंत्र स्फोट सोसण्याइतकं मजबूत नसेल तर झडपा व अडथळे बसवा. कलम ३६-अ बंदिस्त जागेत २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा हातदिवा नेऊ देत नव्हतं. हे सगळे कायदे आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत गोळा केले आहेत, त्यामुळे नोंदणीसाठी माणसांची मर्यादा कोणती लागते हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या तुमच्या भागातल्या कार्यालयात विचारून घ्या. पंधरा माणसं आहेत म्हणून धूळ मात्र कमी दाबाने फुटत नाही.

१७. औष्णिक केंद्रांना पेलेट पुरवतो. आता भाजलेले, टॉरिफाइड पेलेट मागतात. ते जास्त सुरक्षित ना, काळे, कोळशासारखे?

केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोळशाबरोबर बायोमास जाळणं बंधनकारक केलं, तेव्हापासून ही मागणी वाढली. भाजलेला माल पाणी कमी शोषतो आणि कोळशाच्या गिरणीत सहज दळला जातो. पण सहज दळला जातो याचाच अर्थ हाताळताना तो सहज चुरतो, आणि चुरा कोरडाठाक, अगदी बारीक असतो. प्रश्न ३ मधला हिशेब त्याला जास्त कडक लावा. भाजून निघालेला माल पूर्ण थंड होण्याआधी हवेत काढला तर तो स्वतःच पेटू शकतो, म्हणून कूलरमधून बाहेर पडणाऱ्या मालाचं तापमान ऑपरेटरच्या नोंदवहीत दर तासाला यायला हवं.